वन्संचं चालणं

९ जानेवारी

वन्सं,

माझं अक्षर बघून कपाळाला आठी पडली असेल तर राहू द्या, तुम्हाला ती शोभते. फोनच करणार होते, पण फोनवर तुम्ही माझं वाक्य अर्ध्यात तोडता आणि उरलेलं स्वतःच पूर्ण करून टाकता. कागदावर ते जमायचं नाही. इथे माझं राज्य. शाळा चौथीत सुटली तरी राज्य करता येतं.

तर, तुमच्या लेकीने सांगितलं की खुब्याचं ऑपरेशन होऊन एवढे दिवस झाले, डॉक्टर म्हणतात हाड छान बसलंय, तरी वन्सं खिडकीजवळच्या खुर्चीतून उठायला तयार नाहीत. सोबतीला ठेवलेल्या बाई पेला हातात देतात, चष्मा हातात देतात, उशी पाठीला लावतात. लेक म्हणते, उन्हाळा लागायच्या आत आई आपल्या पायांनी जिना उतरली नाही, तर मी ते घर बंद करून तिला माझ्याकडे आणणार. तिच्याकडे म्हणजे कुठे, तर जावईबापूंची व्यायामाची सायकल जिथे ठेवलीय त्या खोलीत. सायकल हलवणार नाहीत असं कळलं. म्हणजे त्या खोलीत तुम्ही दोघी, आणि दोघींचाही कोणाला उपयोग नाही.

मला वाईट वाटलं असं लिहिणार होते. पण खरं सांगू, आधी हसूच आलं. सगळ्या शाळेला कवायत करायला लावणारी मुख्याध्यापिका, आणि आता तिला कोणी 'सावधान' म्हणून उभं करू शकत नाही.

आता माझं ऐका. आमच्या डॉक्टरनेही मला सकाळी चालायला सांगितलंय. म्हणे निसर्गात चाला, नवी तरतरी येईल. तो डॉक्टर बोलताना एकदाही माझ्याकडे बघत नाही, पडद्याकडे बघतो. त्याच्या कोटाची कॉलर उलटी चिकटवलीय. जिने जन्मभर कारखान्यात शर्टांना कॉलरी लावल्या तिच्यासमोर असला कोट घालून बसायचं आणि वर सल्ला द्यायचा, म्हणजे धाडसच.

तरी नातीच्या आग्रहाने एकदा गेले तळ्यावरच्या बागेत. चालले नाही, बाकावर बसून बघितलं. वन्सं, काय ती माणसं. एक घड्याळजी आहेत, ते झाडाकडे बघतच नाहीत, मनगटाकडे बघत पळतात. एक बाई झाडाला मिठी मारून उभ्या. झाड बिचारं, जाणार कुठे. आणि एक टोळी गोल उभी राहून हात वर करून हसते. कोणी विनोद सांगत नाही, काही नाही, सेनापती म्हणतो हसा की हसतात. आमच्या कारखान्यात मुकादम असाच होता, पण तो निदान काम करून घ्यायचा.

चालून तरतरी येते म्हणणाऱ्याने आधी जन्मभर कारखान्यात उभं राहून बघावं. मी काही परत जायची नाही.

लोभ आहे तेवढाच असू द्या, वाढवायची घाई नाही.

तुमची वहिनी


१८ जानेवारी

प्रिय वहिनी,

आपले पत्र मिळाले. वाक्ये फार लांब आहेत. मध्ये श्वास घेत चला.

माझ्याविषयी आपणास मिळालेली माहिती जुनी आहे. मी हल्ली दररोज पहाटे कालव्याच्या काठाने फिरावयास जाते. त्या वेळी पूर्व दिशेला तांबूस छटा पसरू लागलेली असते. गवताच्या पात्यांवर दवबिंदू मोत्यांसारखे चमकत असतात. पक्ष्यांचा मंजुळ किलबिलाट कानी पडतो. मंद वाऱ्याची झुळूक अंगाला सुखावून जाते आणि मन प्रफुल्लित होते. घरी परतताना शरीरात नवचैतन्य संचारलेले असते. निसर्गासारखा दुसरा गुरू नाही, हे खरेच.

बाकावर बसून इतरांना हसणे सोपे आहे. आपण ते आयुष्यभर केले आहे.

मुलीस माझ्या फिरण्याविषयी काही कळवू नये. ती उगाच काळजी करते.

आपली नणंद


५ फेब्रुवारी

वन्सं,

तुमचं पत्र आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. आनंदाने नव्हे, जळून. ज्या बाईच्या खुब्यात लोखंड घातलंय ती पहाटे कालव्यावर जाते, आणि माझ्या अंगात आळसाशिवाय दुसरं काही घातलेलं नाही, तरी मी बाकावर. सूनबाईंनी पत्र मोठ्याने वाचलं. 'मन प्रफुल्लित होते' ला नात म्हणाली, आजी, आत्या-आजी काय भारी लिहितात ना. बास. तिथेच ठरवलं, या नवचैतन्याची खोड मोडायची.

दुसऱ्या दिवशी गेले. पहिल्या दिव्याच्या खांबापर्यंत चालले आणि त्या खांबाला धरून उभी राहिले. मला वाटलं, ती झाडाला मिठी मारणारी बाईसुद्धा अशीच सुरू झाली असेल, दम लागला म्हणून धरलं आणि लोक बघतायत म्हणून डोळे मिटले. मग रोज थोडं पुढे. आता तळ्याला वळसा होतो. सगळे एकाच दिशेने फिरतात, एकमेकांच्या पाठी बघत. मी उलटी फिरते. पाठीत बघण्यासारखं काय असतं, शिवण. तोंडं बघावीत. घड्याळजींनी मला थांबवून सांगितलं की बागेचा नियम डावीकडून आहे. मी म्हटलं, नियम कोणी लिहिला. तर त्यांनीच लिहिलाय, समितीत आहेत. मग मी आणखीच उलटी फिरते.

पण वन्सं, ते दवबिंदू मला सापडले नाहीत. गवत ओलं होतं, चपला भिजल्या, एवढंच. पूर्वेला तांबूस छटा नाही, पलीकडे उंच इमारत आहे, तिच्या गच्चीवर लाल दिवा लागतो तो बघून समाधान करून घेतलं. पक्षी म्हणाल तर बदकं. आमचं तळं म्हणजे त्यांची मोरी. तुमच्याकडे सगळं जास्तच चांगलं असायचं आधीपासून. साड्यांचा रंगही तुमच्याच पक्का निघायचा.

झोप मात्र दगडासारखी लागते. ते काही तुमच्या निसर्गामुळे नाही, थकव्यामुळे.

वहिनी


१७ फेब्रुवारी

प्रिय वहिनी,

दवबिंदू दिसण्यास निरीक्षणशक्ती लागते. ती शाळेत शिकवतात. आपण तिथे फार काळ थांबला नाहीत.

आज मी लाकडी पुलापर्यंत गेले होते. पाण्यात आकाशाचे प्रतिबिंब पडले होते. शेतकरी आपल्या कामाला निघाले होते. रानफुले वाऱ्यावर डुलत जणू माझे स्वागतच करत होती. 'लवकर निजे, लवकर उठे' या उक्तीची सत्यता पटली.

आपण उलट दिशेने चालता हे वाचून आश्चर्य वाटले नाही.

आपली नणंद


४ मार्च

वन्सं,

पुलापर्यंत. वा. मी नातीला म्हटलं, आपण आता बागेच्या मागच्या टेकडीवर जायचं. गेलो. उतरताना बसत बसत उतरले, नातीने फोटो काढला, मी तिला तो पुसायला लावला. आता दर दोन दिवसांनी टेकडी. एकटी.

आणि गंमत ऐका. परवा त्या हसणाऱ्या सेनापतीने पाय वर टाकला आणि त्याची विजार मागून टरकली. सगळी टोळी त्या क्षणी पहिल्यांदा खरं हसली. तो झाडाला पाठ लावून उभा, हलेना. माझ्या पदरात सुई-दोरा टोचलेला असतोच, जन्माची सवय. त्याला बाकावर पालथा टाकला आणि तिथल्या तिथे शिवून दिला. विजार तयार कपड्यांच्या दुकानातली, मधली शिवण एकेरी, असल्या शिवणीवर माणसाने हसावंही जपून. झाडवाली बाई बघायला आली, तिच्या बाहीची कड सुटलेली होती. घड्याळजींची कॉलर विरलेली. आता रोज कोणीतरी काहीतरी घेऊन येतं. घरातलं मशीन माळ्यावर होतं ते लेकाने उतरवलं, तोंड वाकडं करून. दुपारी झोपायचं सोडून मी शिवते. सूनबाई लेकाला म्हणत होत्या की आईंना काय झालंय, स्वयंपाकघरात गुणगुणत होत्या. मी बाहेरून ऐकलं. गुणगुणत नव्हते, त्या घड्याळजींची नक्कल करत होते.

मी ही माणसं अजून कवडीमोलाचीच समजते, भलतं काही वाटून घेऊ नका. पण रोज सकाळी कोणाला तरी कवडीमोल समजायला मिळालं की दिवस बरा जातो.

एक चूक केली, आधीच सांगते. तुमच्या लेकीला पत्र लिहिलं, की अगं घर कशाला बंद करतेस, आई कालव्यावर फिरते, पुलापर्यंत जाते, दवबिंदू बघते. तुम्ही नको म्हटलं होतं. पण कौतुक माझ्या पोटात राहत नाही, तुमचं असलं तरी.

वहिनी


१० मार्च

मामी,

फोनवर हे नीट सांगता येणार नाही, म्हणून लिहिते आहे.

तुमचं पत्र वाचून मी सोबतीच्या बाईंना विचारलं. आई एकदाही खाली उतरलेली नाही. दारापर्यंतसुद्धा नाही. सकाळी ती खुर्चीतच असते आणि खिडकीतून कालवा दिसतो तो कचऱ्याच्या गाड्यांमागे थोडासा. लाकडी पूल तर मी शाळेत असतानाच पाडला गेला.

तुम्ही तिची जी वाक्यं लिहिलीत ना, तांबूस छटा, दवबिंदू, किलबिलाट, मंद झुळूक, मग निसर्ग हा गुरू, ती तिची नाहीतच म्हणा किंवा फारच तिची आहेत. हा 'सकाळची सहल' नावाचा निबंध आहे. आदर्श निबंध म्हणून आई तो दरवर्षी फळ्यावर लिहायची आणि अख्ख्या शाळेला पाठ करायला लावायची. मला आजही झोपेत येतो. तिने क्रमसुद्धा बदललेला नाही. तिच्या हाताखालून गेलेल्या कुठल्याही मुलाने हे पहिल्या ओळीत ओळखलं असतं. तुम्ही त्या शाळेत नव्हता, म्हणून फसलात.

मला हसावं की रडावं कळत नाही. ती खोटं बोलते आणि खुर्चीत बसून राहते. मी एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रजा घेतली आहे. तेव्हा घर आवरायला घेईन. तिला अजून सांगितलेलं नाही. सांगताना तो निबंध तिच्यासमोर म्हणून दाखवावा असं वाटतं.

तुमची भाची


१३ मार्च

चिरंजीव भाची,

म्हणून दाखवू नकोस. तोंडातून एक अक्षर काढू नकोस. लाजेने माणूस खुर्चीत आणखी खोल जातो. ईर्षेने मात्र उठतो, हे मी तुझ्या आईच्याच जिवावर शिकले.

राग आला का विचारशील तर आला. मी रानफुलं शोधत टेकडी चढले, गुडघे खरचटले, आणि ती बाई खुर्चीत बसून मला फळ्यावरचा निबंध वाढत होती. रागाच्या भरात सकाळी तळ्याला एक वळसा जास्त झाला. तेव्हा लक्षात आलं, तिने जे सांगितलं ते खोटं, पण चालले ते माझेच पाय. ते आता परत कोण घेणार.

तुझी रजा तू घे. पण तोवर मला माझ्या पद्धतीने भांडू दे.

मामी


१३ मार्च

वन्सं,

एक आनंदाची बातमी. मी तुमच्याकडे येतेय. चांगली आठवडाभर राहीन.

बागेतल्या टोळीला मी तुमच्याबद्दल सांगून ठेवलंय. सेनापती म्हणाला, खुब्याचं ऑपरेशन होऊन रोज पुलापर्यंत, म्हणजे कमालच. घड्याळजींनी तोंड बारीक केलं. मी म्हटलं, आमच्या वन्सं आहेत, तुमच्यासारख्या मनगटाकडे बघत चालत नाहीत, निसर्गाकडे बघतात. आता एवढं बोलून बसले, तर डोळ्यांनी बघून यायला नको का. रोज पहाटे आपण दोघी कालव्याच्या काठाने जायचं. तुम्ही पुढे आणि मी मागे, या घरात आले तेव्हापासून तसंच आहे, त्यात काही बदल नको. फक्त ते दवबिंदू तेवढे मला बोट दाखवून दाखवा, माझी निरीक्षणशक्ती चौथीत राहिली.

भाचीला तुमच्याबद्दल लिहिलं होतं, तिचं काही उत्तर नाही. कामात असेल.

वहिनी


२० मार्च

प्रिय वहिनी,

आपण येऊ नये.

येथे कालव्याच्या काठाची दुरुस्ती सुरू आहे. पाहुण्यांच्या खोलीत ओल आली आहे. सोबतीच्या बाई रजेवर जाणार आहेत. शिवाय मला एकटीने चालणे आवडते. बरोबर कोणी सतत बोलत असले की निसर्गाशी होणारा संवाद खुंटतो. या वयात प्रवास आपणासही झेपणार नाही. माझीही प्रकृती मध्ये थोडी बरी नव्हती, त्यामुळे काही दिवस फिरणे झालेले नाही.

थोडक्यात, येऊ नये.

आपली नणंद


२३ मार्च

वन्सं,

ओल मला चालते. काठ दुरुस्त करतायत तर आपण दुसऱ्या काठाने जाऊ, पूल आहेच. बोलणार नाही, तोंडात दोरा धरून चालेन. प्रवासाचं म्हणाल तर मी टेकडी चढते.

आणि फिरणं बंद झालं म्हणता, ते ऐकून मला कसंसंच झालं. माझ्या मनात आलं की वन्संसुद्धा शेवटी आमच्यासारख्याच निघाल्या की काय. घड्याळजींना हे कळलं तर ते आठवडाभर बागेत हसतील, आणि ते हसत नाहीत म्हणूनच मला थोडे बरे वाटतात.

दहा एप्रिलला दुपारी येते. तुम्ही दार उघडायला खाली आलात तर ठीक, नाहीतर मी जिन्यात बॅगेवर बसून वाट बघेन. शेजारीपाजारी विचारतीलच की या कोण. मी सांगेन, या घरात एक मोठ्या फिरणाऱ्या बाई राहतात, त्या फिरून यायच्यात.

वहिनी


६ एप्रिल

वहिनी,

दहाला येणारच असाल तर धड चपला आणा. इथला काठ म्हणजे उकिरडा आहे.

आधी जिन्याचं सांगते. हा जिना ज्याने बांधला त्याला आई नसावी. पहिले काही दिवस सोबतीच्या बाईंचा खांदा धरून उतरले. त्यांना खांदा असा नाहीच, नुसता उतार आहे, हात घसरतो. पहिल्या दिवशी मधल्या वळणावर बसकण मारली. तिथल्या बिऱ्हाडातल्या माणसाने दार उघडून विचारलं, आजी, काही हरवलंय का. मी म्हटलं, हो, अक्कल. तो खुर्ची आणायला आत गेला. खुर्चीचं नाव ऐकलं आणि मी उठले.

दवबिंदू नाहीत. असले तरी मला दिसले नाहीत, कारण मी पायाखाली बघत होते. लोक कुत्री घेऊन येतात आणि त्यांचं सगळं तिथेच ठेवून जातात. मी एकाला बोलावून उचलायला लावलं. माणसाला, कुत्र्याला नव्हे. पक्षी किलबिलाट करत नाहीत, भांडतात. कावळे आहेत आणि एक कसला तरी करडा पक्षी आहे, तो पाण्यात पाय बुडवून नुसता उभा असतो, काही करत नाही. त्याला बघून मला माझाच राग येतो. वारा मंद नाही, त्याला वास आहे. पाण्यात आकाशाऐवजी प्लास्टिकच्या पिशव्या दिसतात. एक जाडी बाई रोज समोरून येते आणि 'छान चाललंय हं' म्हणते, जणू मी पहिलीतली आहे. काल तिला सांगितलं की असा शेरा द्यायला आधी स्वतःला चालता यावं लागतं. आज तिने वाट बदलली. मग मीही बदलली, तिला परत भेटायला.

खुबा ठणकतो. रात्री शिव्या येतात तोंडात. आणि भूक, वहिनी, इतकी घाणेरडी भूक लागते की लाज वाटते. परवा मी बाईंच्या ताटातलं खाल्लं आणि त्यांच्यावरच ओरडले.

आता बाईंना बरोबर नेत नाही. त्या फार बोलतात. काठी नेते, ती गप्प असते आणि कुत्र्यांच्या मालकांना समजते.

आधीच्या पत्रांबद्दल तुम्ही विचारायचं नाही, मी सांगायचं नाही. ती बरोबर आणलीत तर कालव्यात जातील, एक पिशवी जास्त, कोणाला कळायचं नाही. तुमचं उत्तर मुद्दाम लांबवलं, कारण आधी पाय आणि मग पेन असं ठरवलं होतं. हे पत्र लिहायला बसले तर पहिलं वाक्यच सुचेना. इतकी वर्षं दुसऱ्यांची पहिली वाक्यं तपासली, त्याचं हे फळ.

दहाला तुम्ही पुढे चाला. मी मागून तुमच्या चुका काढेन.

मुलगी काल सकाळी आली होती, खोकी घेऊन. बाई सांगत होत्या, सगळ्या खोल्यांतून फिरली, बाल्कनीत बघितलं, न्हाणीघराचं दार वाजवलं, मग खुर्चीपाशी कितीतरी वेळ उभी राहिली आणि खोकी तशीच परत घेऊन गेली.

मी घरी नव्हते.

वन्सं